पाच जणांची सही

सन १९६७ च्या अखेरीस लंडनमध्ये ख्रिस कर्टिस नावाच्या एका संगीतकाराच्या डोक्यात एक चमत्कारिक योजना घोळू लागली. 'सर्चर्स' ह्या त्या काळी गाजलेल्या बँडमध्ये तो ड्रम्स वाजवीत असे. तेथून तो बाहेर पडला होता आणि स्वतःची मंडळी उभारण्याच्या खटपटीत होता. ह्या नियोजित मंडळीचे नाव त्याने ठेवले 'राउंडअबाउट'. जत्रेत लाकडी घोड्यांचे जे गोल फिरणारे चक्र असते त्याला इंग्रज लोक ह्या नावाने ओळखतात. कल्पना अशी की, चक्र फिरत राहावे, वादकांनी हवे तेव्हा त्यावर चढावे आणि हवे तेव्हा उतरावे. गंमत म्हणजे सर्वांआधी उतरला तो कर्टिस स्वतःच. त्याने गोळा केलेल्या माणसांपैकी ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर हे दोघे मात्र टिकून राहिले. त्यांना ड्रमवादक इयन पेस, गायक रॉड इव्हान्स आणि बेस गिटार वाजविणारा निक सिंपर येऊन मिळाले. १९६८ च्या वसंतात मंडळीचे नाव बदलले. ब्लॅकमोरच्या आजीचे एक आवडते जुने गाणे होते, त्याचेच नाव त्यांनी उचलले : 'डीप पर्पल'.

नाव बदलले, पण कर्टिसचे चक्र काही थांबले नाही. १९६९ मध्ये इव्हान्स व सिंपर ह्यांना निरोप देण्यात आला आणि इयन गिलन व रॉजर ग्लोव्हर आले. १९७३ मध्ये हे दोघे गेले, डेव्हिड कव्हरडेल व ग्लेन ह्यूज आले. १९७५ मध्ये खुद्द ब्लॅकमोर गेला, अमेरिकन टॉमी बोलिन आला. मार्च १९७६ मध्ये सारा बाजारच उठला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोलिन मरण पावला. १९८४ मध्ये १९६९ चे पाचही जण पुन्हा एकत्र आले. १९८९ मध्ये गिलनला काढण्यात आले, १९९२ मध्ये त्याला परत आणण्यात आले. इंग्रजी लेखक ह्या आवृत्त्यांना 'मार्क वन', 'मार्क टू' असे अनुक्रमांक देतात. जणू काय लढाऊ विमानेच! ह्या सगळ्या उलाढालीत एकटा इयन पेस तेवढा चक्रावरून कधीच उतरला नाही.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी दुसऱ्याच्या खुर्चीचा कार्यभार हाती घेतलेला आहे. कचेरीत खुर्चीच्या पाठीमागे एक लाकडी फळा असतो आणि त्यावर पूर्वीच्या अधिकाऱ्यांची नावे व तारखा रंगविलेल्या असतात. खाली एखाददुसऱ्या नावापुरती मोकळी जागाही असते. पद कायम, माणूस फिरता, हे तत्त्व तेथे कोणी वादाला घेत नाही. परंतु कलेच्या प्रांतात हे तत्त्व चालते काय? जिचे स्वरवाक्य ऐकताच माणूस ओळखू यावा अशा मंडळीतून तो माणूसच उठून गेला, तर मागे उरते ते काय? 'डीप पर्पल'ची फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली 'पर्पेंडिक्युलर' ही ध्वनिमुद्रिका आम्ही ह्याच प्रश्नाच्या संदर्भात विचारात घेत आहोत. हार्ड रॉक ह्या संगीतप्रकाराच्या इतिहासांत तिला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, आणि हा अन्याय आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

केवळ नावाने मंडळी सिद्ध होत नाही, ह्याचा निवाडा तर एकदा न्यायालयातच झाला होता. मंडळी मोडलेली असताना १९८० मध्ये अमेरिकेतील काही व्यवस्थापकांनी मूळचा गायक रॉड इव्हान्स ह्याला गाठले, त्याच्याभोवती चार अपरिचित वादक उभे केले आणि 'डीप पर्पल' ह्या नावाने मेक्सिको, अमेरिका व कॅनडा येथे कार्यक्रम लावले. लोक पैसे मोजून आले आणि समोर भलतीच माणसे पाहून खवळले. खऱ्या मंडळीच्या व्यवस्थापकांनी दावा लावला. न्यायालयाने सहा लाखांहून अधिक डॉलरांची भरपाई ठरविली आणि इव्हान्स संगीताच्या व्यवसायातून नाहीसा झाला तो कायमचाच. तो संस्थापकांपैकी एक होता ही गोष्ट खरी. परंतु एक जुना माणूस अधिक एक जुनी पाटी म्हणजे मंडळी नव्हे, हे न्यायाधीशांना पटले. श्रोत्यांना तर ते पहिल्या पाच मिनिटांतच पटलेले होते.

मग मंडळी म्हणजे काय? आमच्या मते ह्याचे उत्तर ध्वनिमुद्रिकांच्या मागच्या बाजूस, बारीक अक्षरांत सापडते. जून १९७० ची 'इन रॉक', १९७१ ची 'फायरबॉल' आणि मार्च १९७२ ची 'मशीन हेड' ह्या तीन मुद्रिकांवर मंडळीची कीर्ती उभी आहे. तिन्हींवर रचनाकार म्हणून प्रत्येक गीतास पाचही जणांची नावे आहेत. गीताचे शब्द कोणी लिहिले, स्वरवाक्य कोणास सुचले, ह्याची वाटणी त्यांनी केली नाही. खोलीत पाच जण बसून वाजवू लागत आणि जे उभे राहील ते पाचांचे, अशी ती पद्धत होती. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे हे लोक ध्वनिमुद्रणासाठी गेले असता, ज्या कॅसिनोत ते मुद्रण व्हायचे तो फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात लागलेल्या आगीत भस्मसात झाला. सरोवरावर पसरलेल्या धुरावरून 'स्मोक ऑन द वॉटर' हे गीत निघाले. ओस पडलेल्या एका हॉटेलात, बाहेर उभ्या केलेल्या फिरत्या यंत्रगाडीच्या साहाय्याने, त्यांनी 'मशीन हेड' पुरी केली. ह्या घटनेचे वर्णन शेकडो वेळा छापून आले आहे. सह्यांकडे मात्र क्वचितच कोणी पाहिले.

आता १९८४ ची 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' पाहा. माणसे तीच पाच, परंतु बहुतेक गीतांखाली तीनच नावे : ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर. जॉन लॉर्ड आणि इयन पेस ह्यांची नावे क्वचित, एखाद्या गीतापुरती. म्हणजे बारा वर्षांत पाच जणांची भागीदारी त्रिवर्गाच्या हाती गेली होती आणि त्रिवर्गातही शेवटचा शब्द कोणाचा, हे उघड गुपित होते. ज्या कचेरीत टिप्पणी सर्वांनी लिहावी पण सही एकानेच करावी अशी वहिवाट पडते, तेथे काय होते, हे आम्ही आमच्या वाचकांस सांगावयास नको.

ब्लॅकमोरविषयी येथे न्यायबुद्धीने लिहिले पाहिजे, कारण त्याच्या विरोधकांनी त्याला केवळ तापट माणूस करून टाकले आहे. तो फार मोठा वादक. त्याच्या गिटारमध्ये युरोपच्या जुन्या शास्त्रीय संगीतातील स्वरमालिका होत्या आणि त्यांच्या पाठीशी एक काळोखी, धमकावणारी शांतता होती. दोन स्वरांमध्ये तो जी जागा सोडी, तीत ऐकणाऱ्याचा श्वास अडके. 'स्मोक ऑन द वॉटर'चे ते चार स्वरांचे वाक्य जगातील प्रत्येक नवशिक्या गिटारवाल्याने गिरविले आहे, तेही त्याच्याच बोटांतून निघालेले. परंतु रंगमंचावर आज काय वाजवायचे, किती वेळ वाजवायचे, कोणते गीत कधीच वाजवायचे नाही, हे सारे त्याच्या लहरीवर असे. 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे 'मशीन हेड'च्या वेळी मुद्रित झालेले एक अत्यंत करुण गीत. ते त्याला आवडत नसे, म्हणून मुद्रिकेतून ते वगळले गेले आणि तो असेपर्यंत कार्यक्रमांतही त्याला जवळपास बंदीच राहिली.

१९९३ हे मंडळीचे पंचविसावे वर्ष. रौप्यमहोत्सवासाठी जुना गायक हवा, असा ध्वनिमुद्रण कंपनीचा आग्रह होता. ब्लॅकमोरला गिलन नको होता. गिलन आला, 'द बॅटल रेजेस ऑन' ही मुद्रिका निघाली आणि तिचे नाव अक्षरशः खरे ठरले. ९ नोव्हेंबर रोजी बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण चालले होते. पहिले गीत सुरू झाले तरी ब्लॅकमोर रंगमंचावर आलाच नाही. आला तो मध्येच, आणि आल्यावर त्याने एका कॅमेरावाल्याच्या दिशेने पाणी फेकले. हे सारे पुढे विक्रीस आलेल्या चित्रफितीत पाहावयास मिळते. १७ नोव्हेंबरला हेलसिंकी येथे त्याने ह्या मंडळीबरोबर शेवटचे वादन केले आणि तो निघून गेला. पुढच्याच महिन्यातील जपानचा दौरा मात्र ठरलेला होता.

आपल्याकडे १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून बाहेर पडले, तेव्हा मागे राहिलेल्या मंडळीला तालेवार नाव होते, नाटके होती, पुढे दीनानाथांसारखा गळाही मिळाला. तरी तिचे ते दिवस परत आले नाहीत. सामान्यतः असेच घडते. म्हणून १९९३ च्या अखेरीस 'डीप पर्पल' बुडाली असे ज्यांनी धरले, त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

जपानच्या दौऱ्यासाठी जो सॅट्रिआनी हा ख्यातनाम अमेरिकन गिटारवादक धावून आला. १९९४ च्या उन्हाळ्यात युरोपचा दौराही त्याने निभावला. त्याने राहावे अशी सर्वांची इच्छा होती, परंतु त्याचे स्वतःचे करारमदार होते. तो राहू शकला नाही. मग नाव निघाले स्टीव्ह मॉर्सचे. ओहायोत १९५४ मध्ये जन्मलेला हा मनुष्य मायामी विद्यापीठात संगीत शिकलेला. 'डिक्सी ड्रेग्ज' नावाच्या, बहुतांशी गीताविनाच वाजविणाऱ्या मंडळीचा तो संस्थापक. जाणकारांत त्याचा दबदबा मोठा, परंतु बाजारात नाव बेताचे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तर तो काही काळ संगीताचा व्यवसाय सोडून प्रवासी विमानाचा सहवैमानिक झाला होता. ठरल्या वेळी, ठरल्या उंचीवर, शंभर माणसांचा भार सांभाळीत जाण्याची सवय ज्याला आहे असा गिटारवादक ह्या मंडळीला आजवर लाभलेला नव्हता! आधी काही कार्यक्रम करून पाहू, मग ठरवू, अशा बेताने तो आला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी मेक्सिको शहरात त्याने पहिल्यांदा ह्या मंडळीबरोबर वाजविले, आणि ठरविण्यासारखे पुढे काही उरले नाही.

येथे ह्या कथेचा आमच्या मुलखाशी संबंध येतो. नवी मुद्रिका तयार होण्यापूर्वी मंडळी दौऱ्यावर निघाली आणि ८ एप्रिल १९९५ रोजी मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात, तिचा कार्यक्रम झाला. ह्या कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले आणि कालांतराने ते 'बॉम्बे कॉलिंग' ह्या नावाने विक्रीस आले. हे नाव कोणी सहज सुचले म्हणून दिलेले नाही. 'इन रॉक'मधील 'चाइल्ड इन टाइम' हे दहा मिनिटांचे गीत ज्या ऑर्गनच्या स्वरवाक्याने उघडते, ते मूळचे सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' ह्या मंडळीचे. १९६९ मधील त्यांच्या ज्या वाद्यरचनेतून ते घेतले, तिचे नाव 'बॉम्बे कॉलिंग'. हे ऋण 'डीप पर्पल'च्या लोकांनी लपवून ठेवलेले नाही. म्हणजे मुंबईच्या नावाने कॅलिफोर्नियात जन्मलेले ते स्वर इंग्लंडमार्गे पंचवीस वर्षांनी अंधेरीत येऊन वाजले! त्याच वर्षी शहराचे इंग्रजी नाव अधिकृतपणे बदलून 'मुंबई' झाले. मराठी माणसाच्या तोंडी ते कधी दुसरे नव्हतेच. तेथे नाव बदलले आणि शहर तेच राहिले. मंचावर मात्र नाव तेच होते आणि मंडळीच्या मर्मस्थानीचा माणूस बदललेला होता.

ते चित्रण आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. त्याचे मोल इतिहासाच्या साधनाचे आहे. ब्लॅकमोरच्या रचना हाती घेऊन मॉर्स काय करतो ते तेथे उघड दिसते. जे वाक्य रचनेचा कणाच आहे ते तो जसेच्या तसे ठेवतो. त्यात कानामात्रेचा फरक नाही. पण जेथे वादकाला मोकळे रान मिळते तेथे पाऊल टाकताच तो स्वतःचा होतो. आधीच्या माणसाची लकब उचलून टाळी घेणे फार सोपे होते, आणि श्रोतेही बहुधा त्याच अपेक्षेने आलेले असावेत. त्याने ते केले नाही. वर्ज्य ठरलेले 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' त्या रात्री गाइले गेले आणि पुढे ते कार्यक्रमांचा नित्याचा भाग झाले. आणखी एक गोष्ट. त्या रात्रीच्या गीतांत एक अगदी नवे गीत होते : 'द पर्पेंडिक्युलर वॉल्ट्झ'. ज्या मुद्रिकेविषयी आम्ही लिहीत आहोत तिच्यातील हे शेवटचे गीत, मुद्रिका बाजारात येण्याच्या दहा महिने आधी मुंबईकरांनी ऐकले. मुंबईच्या संगीतविषयक नोंदींत ह्या गोष्टीला एक ओळ मिळावयास हरकत नव्हती.

मुद्रण अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात, ओरलँडोनजीकच्या एका लहान ध्वनिमुद्रणगृहात झाले. निर्मितीची सूत्रे बाहेरच्या कोणाकडे न देता मंडळीनेच सांभाळली. मुद्रिकेचे नाव ही एक कोटी आहे : लंबरेषेसाठी असलेल्या इंग्रजी शब्दाच्या आरंभी 'पर्पल'मधील अक्षरे घुसविली आहेत. इंग्रजी वर्णलेखनात ती दिसते, उच्चारात लोपते, आणि आमच्या देवनागरीत तर तिचा मागमूसही राहत नाही. बारा गीते, एका तासाहून थोडा अधिक वेळ. आणि रचनाकार म्हणून? गिलन, मॉर्स, ग्लोव्हर, लॉर्ड, पेस. प्रत्येक गीतास पाचही नावे. नव्याने आलेला, पूर्वी ह्या नावाशी कसलाही संबंध नसलेला मनुष्य पहिल्या दिवसापासून पाचवा भागीदार. मंडळीने जुन्या वैभवाकडे परतण्याचा प्रयत्न १९८४ मध्ये जुनी माणसे गोळा करून केला होता. तो पुरता साधला नव्हता. १९९६ मध्ये तिने जुनी माणसे न आणता जुनी पद्धत आणली. आमच्या दृष्टीने ह्या मुद्रिकेतील मुख्य घटना हीच. बाकीच्या गोष्टी तिच्या पोटात येतात.

त्या गोष्टी कानांनाही ऐकू येतात. पहिलेच गीत 'व्हॅव्हूम : टेड द मेकॅनिक'. मॉर्स तारेवर बोट अर्धवट टेकवून उसळणारे, किंचाळणारे असे तुटक स्वर काढतो, पेसचे ड्रम्स त्याखाली लडिवाळपणे डुलतात आणि गिलन गात नाही, जवळजवळ बोलतो. चावडीवर बसून कोणाची तरी हकिगत सांगावी, तसा. ज्या गायकाची ख्याती सप्तकाच्या टोकावरील किंकाळीसाठी, तो पन्नाशीत येऊन गप्पा मारतो. ह्यात त्याचे वय आहे तसे शहाणपणही आहे. दुसरे गीत 'लूझन माय स्ट्रिंग्ज' अगदी संथपणे उघडते. तिसरे 'सून फॉरगॉटन' मुद्दाम बेसूर भासणाऱ्या ठोक्यांवर उभे आहे. ते आम्हांस प्रथम मुळीच रुचले नाही आणि आजही फारसे रुचत नाही. परंतु ब्लॅकमोरच्या राज्यात असल्या प्रयोगाला मंजुरी मिळती ना, हे मान्य केले पाहिजे.

चौथे गीत 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' हे मुद्रिकेचे हृदय. सात मिनिटांहून अधिक लांबीचे. आरंभी गिटारच्या सुट्या सुट्या, स्वच्छ तारा. आवाज वाढत जातो, पुन्हा ओसरतो, पुन्हा चढतो, आणि शेवटी गिटार एक दीर्घ सूर धरून असे काही गाऊ लागते की, गायकाने थांबावे हेच उचित. मॉर्सची शिस्त येथे कामी आली आहे. प्रत्येक स्वर स्वतंत्र आघाताने, अलग आणि घोटीव उमटतो. घाई कोठेच नाही. गीताच्या नावात किंकाळी आहे, परंतु ती फुटत नाही. दाबून धरलेली राहते. परमुलखात एकट्याने राहिलेल्या माणसास ह्या गीताचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पुढील अनेक वर्षे मंडळीच्या कार्यक्रमांत ते टिकून राहिले, आणि उत्तरकालीन मुद्रिकांतील फार थोड्या गीतांना ते भाग्य लाभले.

'कॅस्केड्स'मध्ये ऑर्गन आणि गिटार ह्यांची चढाओढ आहे. जुन्या दिवसांत ब्लॅकमोर आणि लॉर्ड ह्यांच्यात असे सामने होत ते शह देण्यासाठी. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्याच जातीच्या ध्वनिवर्धकांतून गर्जत ठेवी, तो केवळ तोडीस तोड उभे राहता यावे म्हणून. येथे मात्र दोघे एकाच वाक्याचे दोन चरण म्हटल्यासारखे वाजवितात. त्यानंतर 'द एव्हिएटर'. साध्या, विजेचा आधार नसलेल्या तारवाद्यांवर उभे, लोकगीताच्या वळणाचे. जगातील सर्वांत कर्कश मंडळींत एके काळी जिची गणना झाली होती, तिने असे गीत मुद्रित करावे ह्याचे चाहत्यांना आश्चर्य वाटले. काहींना रागही आला. आम्हांस हे गीत फार प्रिय आहे. सहवैमानिक राहिलेल्या गिटारवाल्याच्या पहिल्याच मुद्रिकेत 'वैमानिक' ह्या नावाचे गीत असावे, ही पाचांनी मिळून नव्या माणसाला दिलेली ओवाळणी आहे असे आम्ही समजतो. त्यापुढे 'रोझाज कँटीना'त ग्लोव्हर आणि पेस ह्यांनी धरलेला ठेका ऐकण्याजोगा. उरलेल्या गीतांपैकी दोन-तीन गाळली असती तरी चालले असते. 'समबडी स्टोल माय गिटार' ह्या नावातील मिस्कीलपणा ज्याने त्याने ओळखावा.

काही गमावले नाही काय? गमावले. ब्लॅकमोरचा काळोख गेला. हे पाच जण आनंदाने वाजवीत आहेत हे जागोजागी जाणवते, आणि जुन्या मुद्रिकांचे बळ पुष्कळदा आनंदातून नव्हे तर परस्परांवरील दातओठ खाण्यातून आलेले होते. मॉर्सपाशी स्वरांची श्रीमंती इतकी की, कधी कधी जेथे मौन हवे तेथेही तो देत राहतो. 'मशीन हेड'मधील ती उभी कड 'पर्पेंडिक्युलर'ला नाही. लंबरेषेचे नाव घेऊनही ही मुद्रिका गोलाईची आहे. बाजारानेही तिचे फारसे स्वागत केले नाही. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या पाचांत पोचली होती. ही त्या यादीत फार वर गेली नाही, आणि अमेरिकेत तर तिची दखलच घेतली गेली नाही. १९९६ मध्ये तरुणांचे कान दुसरीकडे लागले होते.

तरी मंडळी उभी राहिली. १९९९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, तीस वर्षांपूर्वी तेथेच सादर केलेली लॉर्डची वाद्यवृंदासह योजलेली रचना तिने पुन्हा वाजविली. मूळ स्वरलिपी केव्हाच गहाळ झालेली होती. एका डच संगीतकाराने जुने ध्वनिमुद्रण ऐकून ऐकून ती पुन्हा लिहून काढली होती. २००२ मध्ये जॉन लॉर्ड निवृत्त झाला आणि त्याच्या जागी डॉन एअरी आला. १६ जुलै २०१२ रोजी लॉर्ड निवर्तला. मॉर्स मात्र राहिला. पत्नीच्या असाध्य आजारामुळे २०२२ मध्ये त्याने मंडळी सोडली, तोपर्यंत त्याच्या नावे आठ मुद्रिका आणि अठ्ठावीस वर्षे जमा झाली होती. ब्लॅकमोरच्या दोन्ही कारकिर्दी एकत्र केल्या तरी सतरा वर्षांच्या आतच भरतात. पुढे सायमन मॅकब्राइड हा नवा गिटारवादक आला आणि त्याच्यासह 'इक्वल्स वन' ही मुद्रिका जुलै २०२४ मध्ये निघाली. 'पर्पेंडिक्युलर' साधली नसती तर ह्यांपैकी काहीही घडते ना.

इतक्या वर्षांचा हा हिशोब इतिहासाच्या अधिकृत दप्तरात कसा नोंदला गेला, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत रॉक संगीताच्या मानकऱ्यांची एक गौरवसंस्था आहे. 'डीप पर्पल'चा तीत प्रवेश २०१६ मध्ये, पुष्कळ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर झाला. संस्थेने आठ नावे घेतली : ब्लॅकमोर, लॉर्ड, पेस, इव्हान्स, गिलन, ग्लोव्हर, कव्हरडेल, ह्यूज. दीडएक वर्ष गायलेला आणि पुढे बनावट मंडळीच्या प्रकरणात सापडलेला रॉड इव्हान्स यादीत होता. त्याच तीन मुद्रिकांत त्याच्या शेजारी उभा राहून वाजविणारा निक सिंपर नव्हता. बोलिन नव्हता. आणि तोपर्यंत एकवीस-बावीस वर्षे सेवा झालेला स्टीव्ह मॉर्सही नव्हता. यादी करणाऱ्यांच्या लेखी मंडळीचा इतिहास १९७६ च्या सुमारास संपला होता. फळ्यावर पुढची नावे रंगविण्याचे त्यांना कारण दिसले नाही.

समारंभ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ८ एप्रिल २०१६ रोजी झाला. अंधेरीच्या कार्यक्रमास त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षे पुरी होत होती, अर्थात हे तेथे कोणाच्या ध्यानी असण्याचे कारण नव्हते. इव्हान्स आला नाही. ब्लॅकमोरही आला नाही. सन्मानचिन्हे वाटून झाली, भाषणे झाली, आणि मग त्या वेळची मंडळी वाजविण्यासाठी मंचावर गेली. शेवटी 'स्मोक ऑन द वॉटर' झाले. त्याचे ते चार स्वर त्या रात्री वाजविले स्टीव्ह मॉर्सने, कानामात्रेचा फरक न करता.